सभेला, प्रदर्शनाला जाताना: चेहरा नीटनेटका, रंग आपलाच



दर अंकात आपण बचत, कर्जफेड, लेखे आणि दशसूत्रीबद्दल वाचतो. या वेळी विषय थोडा वेगळा आहे. कोणाला तो हलकाही वाटेल. पण प्रशिक्षणाची नाहीतर प्रदर्शनाची तारीख ठरली, की कोणीतरी हळूच विचारतंच, "ताई, अमरावतीले जाचं हाय, तोंडाले काय लावू?" बाकीच्या हसतात. मग एकेक जण जवळ सरकून ऐकायला लागते. म्हणजे प्रश्न सगळ्यांचाच आहे.

आता आपण घर आणि वावर एवढ्यातच राहिलो नाही. कोणी बँकेत कर्जाचा प्रस्ताव घेऊन बसते. कोणी नियोजन भवनात अधिकाऱ्यांसमोर गटाचं काम सांगते. कोणी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातल्या कृषी प्रदर्शनात डाळ, पापड, सांडगे मांडते. कोणी थेट मुंबईच्या महालक्ष्मी सरसला जाते. तिथं माइक हातात येतो, फोटो निघतो, तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर गावभर फिरतो. अशा वेळी आपण बरं दिसावं असं वाटण्यात लाजण्यासारखं काही नाही.

एक गोष्ट मात्र आधीच सांगते. कर्ज चेहऱ्यावर मिळत नाही, रजिस्टरवर मिळतं. माल लिपस्टिकमुळे विकत नाही, चवीमुळे विकतो. मग तयारी कशासाठी? पदर सारखा घसरत असेल, कपाळावरून तेल ओघळत असेल, पावडरचा पांढरा पट्टा आलाय का ही धाकधूक असेल, तर अर्धं लक्ष तिकडंच जातं आणि बोलायचं राहून जातं. तयारी नीट झाली की चेहरा विसरता येतो आणि कामाचं बोलता येतं.

मागं एका बैठकीत एक आजी म्हणाल्या, "गाडगेबाबा तर चिंध्या घालून फिरत, त्यायचं आयकाले गाव जमा होये. आपल्याले काय गरज?" आजींचं खरं आहे. पण बाबांच्या हातात खराटा होता हेही विसरू नये. गावात आल्यावर आधी झाडलोट आणि मग कीर्तन, अशी त्यांची रीत होती. आपणही तिथूनच सुरुवात करू. पहिली स्वच्छता, मग बाकीचं.

आठवडाभर आधी

भुवया करायच्या असतील तर तीन-चार दिवस आधी करून घ्या. त्याच दिवशी केल्या तर कातडी लाल होते, कधी पुरळही येतं. ब्लीच, फेशियल किंवा नवीन क्रीम कार्यक्रमाच्या आठवड्यात पहिल्यांदा करून पाहू नका. काही सोसलं नाही तर चेहरा सुजून बसेल आणि ऐनवेळी जाणंच रद्द होईल.

कोणतीही नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडीशी लावून एक-दोन दिवस थांबा. खाज आली नाही, लाल झालं नाही, तरच चेहऱ्याला लावा. केसांच्या कलपाला हे जास्तच लागू आहे. त्यात आणि बाजारच्या 'काळ्या मेहंदी'त पीपीडी नावाचं रसायन असतं. काहींना त्याची इतकी अ‍ॅलर्जी होते की डोळे सुजून मिटतात. आपली हिरव्या पाल्याची मेहंदी लाल रंगते, काळी नाही. कोणी काळ्याभोर मेहंदीचा कोन दिला तर घेऊ नका.

आदल्या दिवशी

केस आदल्या दिवशी धुवा. जायच्या दिवशी डोक्यावर तेल थापू नका, उन्हात ते कपाळावर उतरतं. वेणी नाहीतर अंबाडा घालणार असाल तर हाताला दोनच थेंब तेल चोळून वरवर फिरवलं की पुरतं.

साडी इस्त्री करून, पिना लावून ठेवा. सुती किंवा सुतीमिश्रित साडी आपल्या हवेला बरी. ब्लाउजचे हूक, परकराची नाडी रात्रीच पाहून घ्या.

हात पाहा. कापूस वेचून बोटं खरचटलेली असतात, हळद कुटून नखं पिवळी पडलेली असतात. कोमट पाण्यात हात भिजवून बेसन आणि थोड्या तेलानं चोळा, नखं कापा. कष्टाचा हात लपवायचा नाही, फक्त स्वच्छ ठेवायचा. खाद्यपदार्थांच्या स्टॉलवर उभं राहणार असाल तर नेलपॉलिश, अंगठ्या आणि भारी सेंट नकोच. केस टोपीखाली किंवा रुमालाखाली ठेवा. गिऱ्हाईक चेहऱ्याआधी हात पाहतं.

दातांबद्दल थोडं स्पष्ट बोलते. गुडाखू, तंबाखू, खर्रा यांची सवय असेल तर कोणतीही लिपस्टिक ते झाकणार नाही. दाताचे डाग तर दिसतातच, पण आतून होणारा कर्करोग त्याहून मोठा आहे. कार्यक्रमाच्या निमित्तानं का होईना, सोडायला सुरुवात करा.

सकाळी वीस मिनिटं

एक. चेहरा साध्या, सौम्य साबणानं किंवा फेसवॉशनं धुवा. घासू नका, टॉवेलनं टिपून घ्या.

दोन. चेहरा थोडा ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावा. हिवाळ्यात घट्ट क्रीम चालेल. उन्हाळ्यात पातळ, जेलसारखं घ्या. कातडी कोरडी राहिली तर पावडर फाटल्यासारखी दिसते.

तीन. सनस्क्रीन लावा. एसपीएफ 30 किंवा जास्त लिहिलेलं असावं. तर्जनी आणि मधलं बोट, या दोन बोटांवर लांब रेघ ओढल्याएवढं क्रीम चेहऱ्याला आणि मानेला लागतं. घराबाहेर पडायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावा. दिवसभर उन्हात स्टॉल असेल तर दोन-तीन तासांनी पुन्हा लावा. अकोल्याचा पारा मे महिन्यात 45 अंशांच्या वर जातो हे आपल्याला कोणी सांगायची गरज नाही. चेहऱ्यावरचे वांग उन्हानं वाढतात. त्यामुळे दुपट्टा बांधणं आणि सनस्क्रीन लावणं हाच खरा उपाय, बाकी सगळं वरवरचं.

चार. पावडर. इथं सगळ्यात जास्त चूक होते. पांढरी टाल्कम पावडर चेहऱ्यावर थापली की चेहरा राखाडी दिसतो आणि मान वेगळ्या रंगाची राहते. फोटोत तर ते फारच उठून दिसतं. आपल्या रंगाचं कॉम्पॅक्ट घ्या. दुकानात रंग पाहताना हाताच्या पाठीवर लावून पाहू नका. हात उन्हानं काळवंडलेला असतो. जबड्याच्या कडेला थोडं लावा आणि दुकानाबाहेर येऊन उजेडात पाहा. जो रंग कातडीत मिसळून दिसेनासा होतो, तो आपला. एक घर उजळ घ्यायचा मोह होईल, तो टाळा. लावताना पफनं हलकं दाबा. नाक, कपाळ आणि हनुवटी एवढ्याच जागा पुरेशा.

पाच. काजळ. बारीक रेघ ओढा आणि डोळ्याखाली थोडं कॉम्पॅक्ट टिपा, म्हणजे घामानं काजळ पसरणार नाही. डोळे चुरचुरत असतील किंवा आले असतील तर त्या दिवशी काजळ नको.

सहा. लिपस्टिक. सावळ्या, गव्हाळ रंगाला विटकरी, मरून, जांभूळसर, तपकिरी-गुलाबी हे रंग शोभतात. अगदी फिका गुलाबी लावला तर ओठ पांढुरके दिसतात. एकदा लावा, कागदानं टिपा, पुन्हा हलकी लावा. अशी लावली की चहा घेतल्यावरही टिकते. मग आरशात दात पाहा.

सात. शेवटी आरसा घेऊन दारात या. घरातल्या बल्बखाली जे बरं दिसतं ते उजेडात वेगळंच दिसतं.

वेळ कमी असेल तर स्वच्छ चेहरा, सनस्क्रीन, नीट विंचरलेले केस आणि लिपस्टिक, एवढंही खूप झालं. आणि ज्या सखीला यातलं काहीच लावायला आवडत नाही तिनं लावू नये. धुतलेला चेहरा आणि चापूनचोपून नेसलेली साडी कुठल्याही सभेत शोभते.

प्रवासातून थेट कार्यक्रमाला

अमरावतीहून संध्याकाळी निघणारी मुंबईची गाडी बडनेरा, अकोला करत सकाळी सीएसएमटीला पोहोचते. रात्रभराच्या प्रवासानं चेहरा ओढलेला असतो. गाडीत बसताना चेहऱ्याला काही लावू नका. उतरल्यावर चेहरा धुवा, मग वरच्या क्रमानं तयारी करा. नेसायची साडी पिशवीत वेगळी ठेवा.

पर्समध्ये एवढं असू द्या: कंगवा, छोटा आरसा, चार सेफ्टी पिना, स्वच्छ सुती रुमाल, कॉम्पॅक्ट, लिपस्टिक, टिकल्यांचं पाकीट, सॅनिटरी पॅड, पाण्याची बाटली. घाम आला तर रुमालानं टिपा, पुसू नका.

काजळ आणि लिपस्टिक एकमेकींना देऊ नका. गटात आपण सगळं वाटून घेतो, पण डोळ्यांची साथ आणि ओठांवरची पाण्याची फोडं अशाच वस्तूंमधून एकीकडून दुसरीकडे जातात. पिना, आरसा खुशाल वाटून घ्या.

मोबाइलवर ऑनलाइन बैठक असेल तर खिडकीकडे तोंड करून बसा. खिडकी पाठीमागे असेल तर कितीही तयारी करा, चेहरा काळाच दिसतो. मोबाइल डोळ्यांच्या उंचीवर, डब्याला टेकवून ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं

या लेखातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एवढं विसरू नका. कार्यक्रम ठरला की काही जणी घाईघाईनं गोरं करणारं क्रीम आणतात. "आठ दिवसांत फरक", "पार्लरवाल्या वापरतात", "याच्यावर नाव नाई, पण लय भारी हाय." सख्यांनो, इथं थांबा.

ही दूरची गोष्ट नाही, आपल्या अकोल्यातली आहे. 2023 च्या सुरुवातीला वर्तमानपत्रांत बातमी आली होती. अकोल्यातल्या एकाच घरातल्या तिघी, आई आणि दोन मुली, एक त्वचेचं क्रीम वापरत होत्या. तिघींच्याही मूत्रपिंडाला इजा झाली. एकाच घरात तिघींना एकच आजार कसा, म्हणून डॉक्टरांनी शोध घेतला. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या मदतीनं तपासणी झाली, तेव्हा त्या क्रीममध्ये पारा निघाला, तोही मर्यादेच्या कितीतरी पट. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनीही असाच अभ्यास प्रसिद्ध केला आहे. मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे त्यांचे 15 रुग्ण होते. त्यांपैकी 13 जण गोरेपणाचं क्रीम लावत होते.

पारा करतो काय? कातडीचा रंग ज्या द्रव्यामुळे येतो, ते तयार होणं पारा अडवतो. म्हणून थोड्या दिवसांत चेहरा उजळ दिसतो आणि क्रीम 'गुणकारी' वाटतं. पण पारा कातडीतून रक्तात शिरतो आणि मूत्रपिंडात जाऊन बसतो. तिथल्या बारीक गाळण्या खराब होतात. चेहऱ्यावर, पायावर सूज येते, लघवीला फेस येतो. लावणारीच्या हातातून, टॉवेलमधून तो घरातल्या लेकरांपर्यंतही पोहोचतो. आपल्या देशाच्या 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा घालायला परवानगीच नाही. नकळत आलेला पाराही दहा लाखांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही.

असं क्रीम ओळखायचं कसं? घरी खात्रीनं ओळखता येत नाही, पण या खुणा दिसल्या तर घेऊ नका:

- डबीवर बनवणाऱ्याचं नाव, पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटकांची यादी किंवा मुदतीची तारीख नाही.
- घटकांत मर्क्युरी, कॅलोमेल किंवा मर्क्युरस क्लोराइड लिहिलं आहे.
- 'सोन्या-चांदीच्या दागिन्यांना लागू देऊ नका' अशी सूचना आहे. पारा सोन्या-चांदीला धरतो, म्हणून ती सूचना असते.
- साध्या डबीत भरून, बिल न देता विकतात.
- थोड्याच दिवसांत गोरं करण्याची हमी देतात.

दुसरा धोका मेडिकलमधल्या ट्यूबचा आहे. 'खाज, गजकर्ण, डाग, सगळ्यावर चालते' म्हणून एक ट्यूब घरोघरी फिरते. तिच्यावर बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन असं नाव असेल तर ते स्टेरॉइड आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकायचं नसतं. चेहऱ्याला रोज लावलं तर कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुरळ येतं, लव वाढते. मग सोडलं की चेहरा पेटल्यासारखा होतो, म्हणून बाई पुन्हा तेच लावते. असं झालं असेल तर लाजू नका, मनानं काही करू नका, त्वचेच्या डॉक्टरांना ट्यूब दाखवा.

बिगरनावाचं क्रीम कोणी आतापर्यंत लावत असेल तर आजच थांबवा. डबी फेकू नका, झाकण घट्ट लावून पिशवीत बांधून ठेवा. ग्रामीण रुग्णालयात जाऊन लघवीत प्रथिनं जातात का ते तपासून घ्या आणि डॉक्टरांना डबी दाखवा. केरळच्या त्या अभ्यासात बहुतेकांचा आजार क्रीम बंद केल्यावर कमी झाला. वेळेत थांबलं तर वाट आहे. विकणाऱ्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात करता येते. एकटीनं जायला संकोच वाटत असेल तर ग्रामसंघाच्या ठरावासह पाच जणी मिळून जा.

आपल्यातल्या काही सख्या घरून सौंदर्यप्रसाधनं विकतात. त्यांना हात जोडून सांगणं आहे. बिल आणि परवाना क्रमांक नसलेला माल घेऊ नका. गिऱ्हाईक आपल्याच गटातलं असतं.

टिकलीबद्दल दोन गोष्टी

पहिली गोष्ट आरोग्याची. टिकलीच्या काही गोंदांत असं रसायन असतं, की रोज त्याच जागी लावल्यानं कपाळावर पांढरा डाग पडतो. रात्री टिकली काढून ठेवा. खाज येत असेल किंवा जागा फिकी पडत असेल तर टिकली बंद करून डॉक्टरांना दाखवा.

दुसरी गोष्ट मनाची. आपल्या वऱ्हाडात किती सख्यांचे धनी शेतीच्या कर्जापायी गेले, हे आपण जाणतो. त्यातल्या कित्येक जणी आज अध्यक्ष आहेत, सचिव आहेत, बँक सखी आहेत. त्यांना स्टेजवर जायचं असलं की कोणीतरी कुजबुजतं, "इले काहून पायजे पावडर-टिकली?" मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्यानंतर राज्य शासनानंही इतर ग्रामपंचायतींना तसंच करण्याचं आवाहन केलं. ठराव कागदावर होतो, त्याची सुरुवात मात्र आपल्या ओळीत बसलेल्या सखीपासून होते. तिनं टिकली लावायची की नाही, रंगीत साडी नेसायची की साधी, हे तिचं तिनं ठरवावं. आपण फक्त आरसा धरावा आणि कुजबुजणाऱ्यांना गप्प करावं.

शेवटी

निघण्यापूर्वी एवढं मनाशी म्हणा: चेहरा धुतला, केस विंचरले, साडीला पिन लावली, रजिस्टर पिशवीत आहे, बोलायचे चार मुद्दे कागदावर लिहिले आहेत. मग आरसा ठेवून द्या. उन्हातान्हात राबून आलेला रंग आपल्या कष्टाचा आहे. तो पुसून आपल्याला कुठंच जायचं नाही. त्याच रंगानं माइकसमोर उभं राहायचं, नाव सांगायचं, गावाचं नाव सांगायचं आणि गटाचा हिशोब खणखणीत आवाजात मांडायचा.

पुढच्या बैठकीत हा लेख मोठ्यानं वाचा. विशेषतः क्रीमचा भाग वाचा, आणि घरी जाऊन लेकीसुनांच्या कपाटातली डबी एकदा उलटी करून पाहा. परवाना क्रमांक दिसतो का?